एकशे चाळीस पावलं

आबा गेले आणि आमचं घर हरवलं.

अगदी खरोखर हरवलं. सापडेचना.

नवीन मित्रमंडळींसाठी सांगते. आमचं जुनं घर पळसदेवला, उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, दहा-अकरा वर्षांचे होते. पुढं ते वालचंदनगरला फिटर झाले आणि आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो.

पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं, जुनं देऊळ उघडं पडलं, की फॅमिली ग्रुपवर आबांचा मेसेज.

"रविवारी घरी जेवायला या."

घर कसलं, नुसता गाळ!

आबा देवळाच्या पायरीपासून एकशे चाळीस पावलं मोजायचे. लहानपणी रोज मोजत घरी जायचे, तो आकडा पाठच होता. मग पिशवीतून चुन्याची फक्की काढायची आणि कबड्डीचं मैदान आखतात तसं घर आखायचं. ही ओसरी, हे माजघर, इथं चूल. एक सूत इकडचं तिकडं नाही. फिटरच ते.

मग नियम सुरू. चपला बाहेर. आत यायचं ते दारातूनच.

आमचे 'हे' पहिल्यांदा आले ते सरळ रेघ ओलांडून आत.

"जावईबापू, भिंतीतनं काय येताय? दार तिकडं हाय!"

बिचारे परत बाहेर गेले आणि वळसा घालून दारातून आले.

आबांचे बालमित्र रफिकचाचा, जुन्या गावातले आमचे शेजारी. मासळीचा धंदा. दरवर्षी तळलेल्या चिलापीचा डबा घेऊन यायचे आणि दाराबाहेर उभे राहायचे.

आबा म्हणायचे, "ये की रफिक, लाजतो काय? घर तुजंच हाय."

चाचा पोट धरून हसायचे. एवढं हसण्यासारखं काय, ते मला कधी कळलं नाही.

आज आबांना जाऊन वर्ष झालं. तिथीप्रमाणे वर्षश्राद्ध आधीच उरकलं होतं, म्हणून सकाळी सगळे पळसदेवला गेलो. आबांशिवाय पहिल्यांदाच.

दादानं पावलं मोजली. मी पण मोजली. दादा सहा फुटी, त्याच्या ढांगा लांब. तो कुठल्या कुठं जाऊन थांबला, मी किती तरी अलीकडं. आमच्या दोघांच्या मध्ये अख्खं लग्नाचं जेवण बसलं असतं.

भांडलो. वर्षाच्या दिवशी, भर उन्हात, घर कुठंय यावरून भांडलो! आई सतरंजीची गुंडाळी धरून उभी.

शेवटी दादा वैतागून म्हणाला, "जाऊ दे. आबांबरोबर गेलं ते. पुढच्या वर्षीपासून बंद करू."

आबा गेले तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

तेवढ्यात चाचा आले. हातात डबा. आमचं ऐकून घेतलं आणि आमच्या दोघांच्या मधोमध जाऊन चपलेनं गाळ उकरायला लागले. खाली दगडी उखळ निघालं.

"तुजा बाप हितं थांबायचा."

"हे आमचं उखळ?" मी विचारलं.

"न्हाय गं पोरी. माज्या आईचं हाय. हितं आमचं घर हुतं. तुमचं अलीकडं, तू थांबलीस त्याच्याबी अलीकडं."

दादानं मागं वळून देवळाकडं बघितलं.

"एकशे चाळीस पावलं ती पोरपणातली. ह्यो बाबा मोठेपणी ढांगा टाकत मोजायचा. घर वलांडून थेट माज्या घरात!"

आयुष्यभर सुताचा हिशेब सांगणारा माणूस आणि ही चूक! आईला हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी.

दादा म्हणाला, "चाचा, मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"दोनदा आलं तोंडापतूर. पर फक्की मारून झाली की मधी उभा राहायचा तुजा बाप भानुदास. त्याचं तोंड बगून गप बसलो. आन् माजं घर बी वर्सातनं एकदा नांदायचं की."

दादानं हळूच विचारलं, "मग आता खऱ्या जागी आखायचं का?"

आई म्हणाली, "अजिबात न्हाय. मला हितंच चुलीपुढं बसायची सवय झालीया."

चाचांनीच दादाच्या हातातून फक्की घेतली. स्वतःच्या घरावर आमचं घर आखलं. ओसरी, माजघर, चूल, सगळं आबांनी आखलं असतं तसं.

मग बाहेर जाऊन डबा घेऊन दाराशी उभे राहिले. नेहमीसारखे.

आणि आत कुणीच काही बोलेना. ते वाक्य म्हणणारा माणूस नव्हता ना.

मीच म्हटलं, "या की चाचा, लाजताय काय? घर तुमचंच हाय."

चाचा हसले. पोट धरून हसले. मग डोळे पुसले, चपला काढल्या आणि आत आले.

आबा, सगळे पोटभर जेवले. दादानं दोनदा मासे घेतले. आणि शपथेवर सांगते, सगळे दारातूनच आत आले.

नमस्कार करते. पुढच्या उन्हाळ्यात घरी येतोच.