खालचे दोन ड्रॉवर नदीचे

बारा दिवसांत घर विकायला काढून बघा. माळ्यावरून जेवढं सामान निघत नाही तेवढे किस्से निघतात, आणि ते भंगारवाल्यालाही देता येत नाहीत. आमच्याकडे दोन माणसं चहाला बसली की अजून एखादा निघतोच.

घर आईचं. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर. नदी जवळ असल्यामुळे जोराचा पावसाळा झाला की पाणी घरात. मागच्या वर्षी पाणी चढलं तेव्हा आईचे गुडघे जिना चढेनात. वरच्या मजल्यावरच्या शीतलचा नवरा आणि आणखी तिघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून वर नेलं. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "परत मला खुर्चीत बसवून कुणी उचलायचं नाय. सुमे, घर बघ."

मी घर बघितलं. पालेगावला, तिच्या माहेरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्टचं. मालकाची पुण्याला बदली झाली होती. तो म्हणाला, बारा दिवस थांबतो, मग दुसरी पार्टी आहे. मांजर्लीचं घर विकल्याशिवाय पालेगावचं घेता येत नव्हतं. मी ऑफिसात रजा टाकली.

आई ते घर बघायला आली तेव्हा मालक तिला हॉल, बाल्कनी, मॉड्युलर किचन असं सगळं दाखवत होता. आई लिफ्टपाशीच उभी. म्हणाली, "हितं आमची म्हैस बांधायचे." घर पसंत पडलं हे त्यावरून समजायचं.

* * *

एजंट मिळाला लछूभाई. उल्हासनगरचा, सफारी घालणारा, बोलायला गोड. त्याने घरभर फिरून सगळं चांगलं म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी येऊन थांबला.

तिथे पेन्सिलच्या रेघा आहेत. ज्या वर्षी पाणी घरात आलं त्या वर्षी पाणी उतरलं की आई भिंतीवर रेघ मारते आणि पुढे साल लिहिते. सगळ्यात वरची, मागच्या वर्षीची, ओट्याच्याही दोन बोटं वर आहे.

लछूभाई म्हणाला, "ताई, सगळ्यात पहिला इधर कलर मारा. बाकी सब बाद में."

आई म्हणाली, "मारा. रेघ मी परत मारीन."

लछूभाई हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय.

* * *

पेंटर बबनने पहिल्या दिवशी हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तर रेघा भिंतीवर हजर, सालांसकट. त्याने निमूटपणे दुसरा हात मारला. तिसऱ्या दिवशी पुन्हा रेघा. आईला उंची मोजायला टेप लागत नव्हता. ही टाइलच्या वर चार बोटं, ही खिडकीच्या कडीला, ही ओट्याच्या वर दोन बोटं. सगळं तोंडपाठ.

तिसरा हात मारून बबनने ब्रश धुतला आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, कलर संपत आला. आजींची पेन्सिल कधी संपणार तेवढं सांगा."

* * *

मग फोटोंची भानगड. मांजर्लीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको, पण आमच्याकडे काहीच जमिनीवर नसतं. फ्रिज विटांवर, पलंग विटांवर, गॅसचं सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेलं. ते एकदा तरंगत हॉलमध्ये आलं होतं, तेव्हापासून ती साखळी.

लछूभाई म्हणाला, "ये ईंटें निकालो. पार्टीला शंका येते."

मी आणि बबनने फ्रिज खाली घेतला, फोटो काढले. लछूभाई गेल्यावर आईने बबनला चहा दिला आणि म्हणाली, "आता वर ठेव." दुसऱ्या दिवशी पार्टी येणार म्हणून पुन्हा खाली. पार्टी गेली की पुन्हा वर. चार वेळा! बबन म्हणायला लागला, मी कलरचा माणूस आहे की पहिलवान?

आईचं एकच. "विकेपर्यंत घर माझं हाय. माझ्या घरात फ्रिज वरच राहतो."

* * *

पहिली पार्टी विठ्ठलवाडीची. नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघंही नोकरीवाली. मुलीला घर आवडलं होतं. तिने कपाट उघडलं. वरचे कप्पे गच्च भरलेले, खालचे दोन ड्रॉवर स्वच्छ पुसलेले आणि रिकामे. तिने सहज विचारलं, "हे रिकामे का ठेवलेत?"

मी काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात आई ओट्याजवळून म्हणाली, "ते नदीचे."

जोडप्याने चहा मात्र पूर्ण घेतला.

* * *

त्यानंतर लछूभाईने नियमच केला. पार्टी येईल तेव्हा माताजी घरात नकोत. मी आईला वर शीतलकडे बसवायला लागले. शीतल ब्लाउज शिवते. दोन खोल्यांत सहा मशीन, चार बायका कामाला, आणि गिऱ्हाइकं जिन्यावर दम खात उभी. लछूभाई कधी वर गेला नाही, त्यामुळे त्याला हे काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या पार्टीने खाली स्कूटर लावली, तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"तिथं नको लावू, बाळा. पहिलं पाणी तिथंच भरतं."

बाळाने स्कूटर वळवली आणि थेट घरी नेली. तिसऱ्या पार्टीचंही तेच झालं, फक्त त्यांच्याकडे रिक्षा होती.

* * *

त्या दिवशी मी चिडले. नववा दिवस होता. मी म्हटलं, "आई, तुला पालेगावला जायचंय की नाही? की पुन्हा त्या खुर्चीत बसायचंय?"

बोलल्याबरोबर मला वाईट वाटलं. आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"जायचंय," ती म्हणाली. "लई जायचंय. पन कुनाची तरी आई त्या खुर्चीत बसवून जायचं नाय मला."

मग मी पण भाजी निवडायला बसले. त्या संध्याकाळी मी बबनला फोन करून सांगितलं, चौथा हात मारू नको.

* * *

अकराव्या दिवशी लछूभाईचा फोन. "एक मॅडम है, एकदम सिरीयस पार्टी. माताजीको ऊपर भेजो." तो आधीच येऊन पोचला आणि रेघांवर एक भलंमोठं कॅलेंडर टांगून मोकळा झाला. वर खिळा ठोकायला हातोडीसुद्धा स्वतःची आणली होती.

बेल वाजली. मी दार उघडलं तर दारात शीतल! पर्स घेतलेली, चप्पल बाहेरची. गेटवरच्या 'घर विकणे आहे' बोर्डावरचा नंबर बघून तिने लछूभाईला फोन केला होता. मी तोंड उघडणार, तर तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

लछूभाईने तिला सगळं घर दाखवलं. हवा बघा, उजेड बघा, शेजार बघा. शेजार फार चांगला आहे, असं तो शीतलला दोनदा म्हणाला. शीतल मान डोलावत होती.

"आणि पावसाळ्यात?" तिने विचारलं.

"मॅडम, पानी तो गेट के बाहर. अंदर आज तक एक बूंद नहीं. मेरी गॅरंटी."

शीतलने पर्समधून शिवणाचा टेप काढला. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून ओट्यावर ठेवलं. फरशीपासून वरच्या रेघेपर्यंत माप घेतलं, मग मशीनच्या टेबलाएवढी उंची धरून बघितली. "मशीन इथं खाली लावली, तरी पाणी आलं की अर्ध्या तासात सहाही जिन्याने वर जातील," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

लछूभाई घाईघाईने म्हणाला, "वो लाइन पे मत जाओ, मॅडम. किसी बच्चे ने खेल में मारी है."

"ती वरची मागच्या वर्षी पहिल्यांदा मीच मारली, लछूभाई," शीतल म्हणाली. "आजींनी वरून सांगितलं म्हणून. त्या तेव्हा खुर्चीत होत्या."

लछूभाई खाली बसला. आई वरून हाक मारून विचारत होती, माप जुळलं का गं?

टोकन त्याच दिवशी झालं.

* * *

कागदपत्रं झाली आणि मे महिन्यात टेम्पो आला. फ्रिज चढला, पलंग चढला, विटा आईने शीतलसाठी ठेवल्या. बबन निरोप द्यायला आला होता. लछूभाईसुद्धा आला होता, पेढे घेऊन.

टेम्पोची पायरी उंच होती. आई पुढच्या सीटपाशी उभी राहून पायरीकडे बघत होती. शीतलच्या नवऱ्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एकमेकांकडे बघितलं, आत गेले आणि तीच प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. चांगल्या मनाने आणली होती. त्यांनी ती आईच्या मागे हळूच ठेवली.

आईने मागे वळून बघितलं.

"ती घराबरोबर विकली," ती म्हणाली. "शीतल, लिहून घे."

मग तिने दाराचा दांडा धरला. पहिल्यांदा पाय पोचला नाही. दुसऱ्यांदाही नाही. लछूभाईने नकळत हात पुढे केला, तेव्हा तिने त्याच्या हातात आपली पिशवी दिली. गल्लीत मागे दोन रिक्षा खोळंबल्या होत्या, पण हॉर्न कुणी वाजवला नाही. तिसऱ्यांदा पाय पायरीवर टेकला. मी मागे उभी होते, हात पदरात गुंडाळून.

सीटवर बसून तिने पदर सारखा केला, लछूभाईकडून पिशवी परत घेतली, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल."