फंड राहील की जाईल

अकोल्याच्या एका कापड गिरणीत मी हजेरी कारकून होतो. गिरणीचा जुना आजारी फंड होता. त्यातून कामगारालाच नव्हे, त्याच्या बायकामुलांनाही गिरणीच्या दवाखान्यात औषध मिळे. बाळंतपणानंतर माझ्या बायकोचं रक्त फार कमी झालं होतं. दर सोमवारी तिला तिथं इंजेक्शन देत.

स्वराज्याला वर्ष होत आलं होतं. दिल्लीत कामगारांच्या विम्याचा कायदा झाल्याचं पेपरात आलं आणि गिरणीभर एकच बोलणं सुरू झालं, आता जुने फंड बंद. डॉक्टरांनी नवी इंजेक्शनं मागवलीच नाहीत. म्हणाले, "फंडच उरला नाही तर मी कशाच्या भरवशावर मागवू?" मॅनेजरसाहेबांना विचारलं, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

माझं चित्त थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठायचो, दारापर्यंत जाऊन परत यायचो. बायको खाटेवरून म्हणाली, "तुमी एका जागी काहून नाई बसत? तुमच्या चकरा पाहूनच मले घेरी येते."

शनिवारी रजा टाकून अमरावती गाठली. तिचे मामा तिथं वकील होते. त्यांनी कायद्याची प्रत मिळवली होती. ते वाचत बसले आणि मी ओसरीत उभाच.

"बसा ना जावईबापू."

"मामा, आधी सांगा, फंड बंद झाला का?"

"कोण म्हणते? कायदा झाला, पण लागू कुठं झाला? सरकार अकोल्यासाठी हुकूम काढीन तवा. तोवर जुना फंड हाय तसा चालते." मग पान उलटून म्हणाले, "पण लागू झाला की दवा तुमाले मिळन. घरच्यांचं यात सध्या काई दिसत नाई."

सुटलो म्हणावं, तर नवा घोर लागला. हुकूम उद्याच निघाला तर?

मामांनी सारं कागदावर लिहून दिलं. तो वाचून मॅनेजरसाहेबांनी फंड चालू असल्याची चिठ्ठी डॉक्टरांना दिली. दोन सोमवार हुकले, तिसऱ्या सोमवारी सुई टोचली गेली. पोळ्यापर्यंत बायको पुन्हा विहिरीवरून पाणी आणू लागली.

हुकूम आमच्या गावाला यायला पुढं कितीतरी वर्षं लागली. तोवर मात्र रोज सकाळी पेपर हातात आला की मी आधी अकोल्याचं नाव शोधायचो.