माझ्या जागी वाचणारी बाई

आमच्या देऊळघाटच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वंदना झाली की एक प्रकरण. वाचायची मी, अगदी लग्न होऊन आले तेव्हापासून. धाकट्या जावेला माझ्याहून भारी साडी आली तरी मी हूं की चूं केलं नाही कधी. पण समोरची ती वाचणाऱ्याची चटई माझी होती. विहारात ओरडून वाचायचं नसतं, म्हणून मी हळू, गोड आवाजात वाचायची. सासूबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि मान डोलवायच्या. तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

औंदा माझा घसा बसला. तर जाऊ म्हणते कशी, "टेन्शन काऊन घेता ताई? मोबाईलवर आहे ना सारं."

तिनं मोबाईल स्पीकरला जोडला आणि कोण्या शहरातल्या बाईचा आवाज विहारभर घुमला. ना अडखळणं, ना खोकला. बाया एकदम चिडीचूप. माझ्या वेळी यांना कुजबुजायला बरं सुचायचं! जाऊ स्पीकरजवळ अशी बसली, जशी काही तीच वाचून राहिली. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आल्याचा काढा, मिठाच्या गुळण्या, सगळं केलं आणि घसा मोकळा केला. पुन्हा चटईवर जाऊन बसले, ग्रंथ उघडला. तर मागून एक जण म्हणाली, "राहू द्या ना बाई, कालचंच लावा. मस्त समजते." जाऊ लगेच उठली. मी ग्रंथ मिटला. वरून हसले, पण मनात त्या न पाहिलेल्या बाईचा घसा बसावा असंच येत होतं. विहारात बसून असं मनात आणायचं! पण आलं, त्याला मी काय करू?

त्या दिवशी सासूबाई भिंत सोडून सरकत सरकत स्पीकरपाशी गेल्या. कानाने कमी आहेत, घरी 'चहा घ्या' म्हणायलाही ओरडावं लागतं. ऐकता ऐकता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या वाचनाला मान डोलली होती, डोळे कधी भरले नव्हते.

घरी आल्यावर मी भाकरी थापत होते, तर चुलीपाशी येऊन बसल्या. चेहरा कसा उजळलेला.

"काय साफ वाचते वं ते बाई! शब्द न् शब्द आला कानात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजलं मले, त्यात काय लिहिलं आहे ते."

मी भाकरी तव्यावर टाकली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "तू बी असंच वाचत होती का वं?"

"हो," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडून म्हणाले, "हो आत्याबाई, असंच!"

त्यांनी मान डोलवली.