भिमाजीच्या मॉरिसचा दांडा

भिमाजी ओव्हाळकडे मोटार होती असं सांगितलं, की कंपनीत नवीन लागलेली पोरं माझ्याकडे संशयानं बघायची. लोखंड कातायच्या लेथवर काम करणारा माणूस, देहूरोडला पत्र्याच्या दोन खोल्या, आणि दारात मोटार? पण ती मोटार म्हणजे पस्तीस वर्षांची जुनी मॉरिस. बदली झालेल्या एका लष्करी साहेबानं जाताना ती त्याला जवळजवळ फुकटात देऊन टाकली होती. तिचं एक दार तारेनं बांधलेलं होतं आणि पावसात आत बसणाऱ्यालाही छत्री उघडावी लागे. आम्ही तिची एवढी टिंगल करायचो, की भिमाजीच्या जागी मी असतो तर दोघातिघांची थोबाडं फोडली असती. तो नुसता हसायचा.

हौस म्हणून त्यानं ती घेतलीच नव्हती. त्याची पोरगी इंद्रायणी तीन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि कुबड्या घेऊन ती घरातल्या घरात फिरे. हायस्कूल होतं चिंचवडला. एसटीची पायरी तिला चढता येत नव्हती, आणि ती चढेपर्यंत थांबायला कंडक्टरला सवड नव्हती. म्हणून रोज सकाळी भिमाजी तिला मॉरिसमधून शाळेत सोडायचा, तिथून पिंपरीला कंपनीत यायचा, आणि सुटी झाली की परत घेऊन जायचा. तोवर ती शाळेच्या शिपायाच्या खोलीत अभ्यास करत बसे. पोर हुशार होती. मॅट्रिक झाली की टेबलावर बसून करायची नोकरी मिळेल, मग पायांवाचून तिचं काही अडणार नाही, एवढा एकच विचार भिमाजी गेली पाच वर्षं करत होता.

त्र्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात आकुर्डीजवळ मॉरिसच्या मागच्या चाकाचा दांडा मोडला. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा, हातभराहून लांब असा तो पोलादी दांडा मधोमध तुटला. मेकॅनिकनं हात झटकले. असली गाडी आता कोणी बनवत नाही, पार्ट मिळायचा नाही, भंगारात घाला म्हणाला. भिमाजी दोन रविवार आणि एक बुधवार पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडाचे ढीग उपसत होता. रिकाम्या हातानं परतला.

तोवर इंद्रायणीचे पंधरा दिवस बुडाले. आधीच आजारपणात तिची हजेरी कमी पडली होती. हेडमास्तरांनी सांगून पाठवलं, की आणखी आठवड्याच्या वर गैरहजेरी झाली तर मॅट्रिकचा फॉर्म पुढे पाठवता येणार नाही. त्या दिवशी भिमाजी माझ्या शेजारच्या लेथवर उभा होता आणि त्याच्या हातून दोन जॉब, म्हणजे कातायला लावलेले तुकडे, लागोपाठ बिघडले. सोळा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

शनिवारी मात्र तो जरा सावरलेला दिसला. जेवणाच्या सुटीत म्हणाला, "आबा, सौदा ठरला. चिंचवडला एकाची साइडकारची स्कूटर हाय. मॉरिस भंगारात घालायची, वर थोडे द्यायचे. काल तो घरी घेऊन आला, पोरीला बसवून बघितली. चांगली मावती. उद्या घेऊन येतो."

इथं माझं तोंड आडवं आलं. मी निघोज्याचा शेतकऱ्याचा पोरगा, पण कंपनीत टर्नर झालो तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेलेली. लोखंडाचं जे म्हणून काही आहे ते आपल्याला घडवता येतं, असा आमच्या खात्यात सगळ्यांनाच माज होता. बाहेरचा मेकॅनिक एखाद्या पार्टला नाही म्हणाला, की आम्हाला तो आमचा अपमान वाटायचा.

"खुळा का काय तू?" मी म्हणालो. "टर्नर माणूस तू, आन एका दांड्यापायी गाडी भंगारात घालतोस? पावसात पोरीला उघड्यावर नेशील? तो तुटका दांडा आण सोमवारी. तसाच करून देतो तुला."

"कंपनीचा माल हाय, आबा."

"रिजेक्ट म्हणून बाजूला टाकलेला हाय! उद्या भट्टीतच जाणार न्हवं का?"

रिजेक्ट मालसुद्धा रीतसर विकत मिळायचा. त्यासाठी अर्ज करायचा, तीन सह्या घ्यायच्या आणि गेटपास काढायचा. पण त्याला महिना लागे. भिमाजीकडे आठवडा होता. त्यानं भाकरीचा उरलेला तुकडा डब्यात ठेवला आणि मान डोलावली. माझ्या शब्दाला तो मान द्यायचा, हेच वाईट झालं. रविवारी त्यानं चिंचवडच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

सोमवारी त्यानं मापासाठी तुटके तुकडे आणले. रिजेक्टच्या पेटीतला लाल रंग फासलेला शाफ्ट मी स्वतः उचलला. तीन दिवस फोरमनची पाठ वळली की आम्ही आळीपाळीनं त्याच्यावर काम करत होतो. टोकाचे दाते मिलिंगच्या मशीनवर मी पाडले; ते मशीन मला येत होतं, भिमाजीला नाही. खरं सांगतो, इतकं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. भिमाजी त्या दांड्यावरून बोट फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता तो बाहेर न्यायचा कसा? डब्यात मावणारा नव्हता. पँटच्या आत मांडीला आणि पोटरीला बांधून न्यायचा, असं मीच सुचवलं. भिमाजी म्हणाला, "आबा, तू नेशील का? मला न्हाई जमायचं." आणि मी हसत म्हणालो, "तूच ने. लंगडायचं कसं ते तू रोज घरी बघतोस."

असं बोललो मी. तो तेव्हाही हसला.

सुटीचा भोंगा झाला. झडतीच्या रांगेत तो माझ्या पुढे दोन माणसं सोडून होता. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो कमरेतून पाय ओढत चालला होता. गेटवर साहेबराव नावाचा वॉचमन होता, फौजेतून आलेला, मनानं चांगला. भिमाजीला तो कधी चाचपायचाही नाही, इतका त्याचा विश्वास. त्यानं भिमाजीला तसं चालताना पाहिलं आणि धावतच पुढे आला.

"अरे भिमाजी, पायाला काय लागलं? माझ्या खांद्यावर हात टाक," असं म्हणत त्यानं त्याला आधार द्यायला कमरेला विळखा घातला. हात कमरेपर्यंत आलेल्या लोखंडाच्या टोकावर पडला. साहेबरावचा चेहरा मी पाहिला. त्यानं हात काढून घेतला असता, पण मागे सिक्युरिटीचा साहेब उभा होता आणि त्यानं विचारलं, "काय आहे ते?"

चौकशी लागली. चोरीचा मामला म्हटल्यावर युनियननं अंग काढून घेतलं. साहेबांनी भिमाजीला विचारलं, की दाते मिलिंगवर पाडलेत, तू तर लेथवर असतोस, बरोबर कोण होतं? भिमाजी म्हणाला, कोणी नाही. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मी त्या खोलीच्या बाहेर, साक्षीदार म्हणून बाकावर बसलो होतो. माझी निघोज्यात चार एकर जमीन होती. नोकरी गेली असती तरी चूल पेटली असती. त्याच्याकडे त्या पगाराशिवाय काहीच नव्हतं. तरी मी उठलो नाही. आत बोलावलं तेव्हा म्हणालो, मला काही माहीत नाही.

आठवडा संपायच्या आत भिमाजीला काढून टाकलं. साइडकार तोवर दुसऱ्या कोणी नेली होती. मॉरिस भंगारवाल्यानं तुकडे करून हातगाड्यावर घालून नेली.

मग त्यानं पोरीला पाठीवर घ्यायला सुरुवात केली. घर ते देहूरोड स्टेशन, स्टेशनचा पूल, पॅसेंजर गाडी, चिंचवडपासून शाळा. पंधरा वर्षांची पोर, त्यात ते लोखंडी बूट. "आता ड्युटी न्हाई, येळच येळ हाय," असं तो लोकांना सांगायचा. नवव्या दिवशी पुलाच्या पायऱ्यांवर तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. हमालांनी दोघांना घरी आणून सोडलं. इंद्रायणी म्हणाली, बास. हजेरी भरली नाही, फॉर्म गेला नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी मी मन घट्ट करून त्यांच्याकडे गेलो. भिमाजी घरी नव्हता. वाकलेल्या पाठीनं कुठं रखवालदारीचं काम मिळतं का ते बघायला तळेगावला गेला होता. त्याची बायको चिमाबाई चहा ठेवायला आत गेली. इंद्रायणी भिंतीला टेकून बसली होती. पुस्तकं कुठं दिसली नाहीत. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलली.

"आबाकाका, एक विचारू? शुक्रवारी बाबांनी मला त्या साइडकारमध्ये बसवलं होतं. दोघं खूप हसलो आम्ही. रविवारी आणतो म्हणाले. मग शनिवारी कंपनीतून आले ते एकदम म्हणाले, नको, मॉरिसच दुरुस्त करू." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "त्यांना किती विचारलं, सांगतच नाहीत. तुम्ही तर शेजारीच असता त्यांच्या. शनिवारी काय झालं होतं?"

आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"मला ठाऊक न्हाई, पोरी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं.