मरुदाचलम अण्णांची पंधरा मिनिटं

कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात माझी बत्तीस वर्षं गेली. गाव विट्याकडचं, पण गाडी शिकलो ती इथेच, आणि गाडी बिघडली की जायचं ते मरुदाचलम अण्णांकडे. उक्कडमला त्यांचं वर्कशॉप होतं. कारब्युरेटरच्या काळातला माणूस, पण कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्यावर पन्नाशीत तेही शिकला.

त्यांचं म्हणणं एकच असायचं. "तंबी, पार्ट बदलला की कॉम्प्युटरची आधीची आठवण पुसायची. मग पंधरा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची, म्हणजे ती नवा पार्ट शिकते. एसी नाही, दिवे नाहीत. नवी सून आल्या आल्या चुलीपुढे बसवतात का? आधी घर कळू दे तिला."

त्या पंधरा मिनिटांत अण्णा बॉनेटवर तळवा टेकून उभे राहायचे. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून इंजिनाची थरथर कळायला तो तळवा. त्यांचा मुलगा कतिर मात्र वैतागला होता. "अप्पा, आता एक जरी गाडी बिघडून परत आली, तर वर्कशॉपची किल्ली माझ्याकडे द्यायची. कबूल?" अण्णा कबूल म्हणाले.

आणि परत आलेली ती गाडी माझी होती.

शुक्रवार होता. थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर नवे घातले होते. अण्णांनी आठवण पुसली, गाडी चालू केली आणि म्हणाले, "मी कोपऱ्यावर चहा घेऊन येतो. हात लावू नकोस. चाकांखाली लिंबं मी आल्यावर ठेवू." कतिर सामान आणायला गेला होता.

साडेदहाला राहुकाळ लागणार होता. शालन, माझी बायको, घड्याळाकडे बघून कावलेली. "अहो, नवा पार्ट घातलेली गाडी राहुकाळात काढणार? डोकं ठिकाणावर आहे का?" मीही नंदीबैल. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, एसी लावला आणि दहा अठ्ठावीसला चिरडून बाहेर. पाचच मिनिटं झाली होती.

पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली. दुसऱ्यालाही. तिसऱ्यानंतर मागच्यांच्या शिव्या खात मी परत आलो.

कतिर दारातच उभा होता. "बघा अप्पा. इंजिनाचा आवाजच ऐकू येत नाही, तर कशाला हट्ट करता?"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण अण्णा वाकले, पुढच्या चाकाच्या खाचेत अडकलेली लिंबाची साल त्यांनी नखाने काढली आणि खिशात टाकली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग वेष्टीच्या कनवटीची किल्ली काढून मुलाच्या हातात दिली. मी गप्प बसलो. आजही त्याची लाज वाटते.

"बस, परत शिकवू," एवढंच ते मला म्हणाले. त्यांनी पुन्हा आठवण पुसली आणि पुन्हा तळवा टेकला. गाडी त्यानंतर चार वर्षं एकदाही बंद पडली नाही.

अण्णा गेले. कतिर चांगलं काम करतो, लॅपटॉपवर आकडे बघतो. मागच्या महिन्यात माझ्या नव्या गाडीचा पार्ट बदलला, तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. शालन म्हणाली, "अहो, राहुकाळ लागतोय."

"लागू दे," मी म्हणालो.

कतिर हसला. "तुम्हीपण अप्पांसारखेच. त्यांचा हात चुकला तो फक्त त्या एकाच दिवशी."

"नव्हता चुकला रे," मी म्हणालो, आणि गाडी शिकत होती तेवढ्यात त्याला सगळं सांगितलं.