गच्चीवरचं तिकांडं

मुकुंदवाडीत आम्ही दोघांनी मिळून खोली घेतली होती. तो माझ्या वर्गातला. मी मेंढपाळाचा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. संध्याकाळी जेवून आम्ही गच्चीवर जायचो. ग्रंथालयातून आणलेला आकाशाचा नकाशा मी खाली पसरला, तर पूर्व-पश्चिम उलटीच. तो हसला, "तलाठ्याचा नकाशा हाय का त्यो? डोक्यावर धर की."

धरला आणि सगळं जुळलं. मृगातले एका रेषेतले तीन तारे मी दाखवले. "आमच्यात ह्याला तिकांडं म्हणत्यात. बाप त्यावरून रात्र किती उरली ते सांगतो." त्यानं ते वहीत लिहून घेतलं. आमच्या घरातलं काही कुणी वहीत लिहावं, हे मला नवीन होतं.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा विषय पुन्हा पेटला होता. त्याच्या वस्तीनं त्यापायी मार खाल्ला होता. एकदा त्यानं पाठिंब्याचा कागद माझ्यापुढं ठेवला. "सही कर."

"बापाला विचारून सांगतो."

"कुठंय बाप?"

"मेंढरं घेऊन लांब गेलाय. पाऊस तोंडावर आला की येईल."

"लई लांबची तारीख दिली रे," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

आमच्यात थोरल्याला विचारल्याशिवाय कोकरूसुद्धा विकत नाहीत, हे खरं. पण गावात कळेल ही भीतीही होती. ती मी सांगितली नाही. महिनाअखेरीस तो पेटी घेऊन नातेवाइकांकडं राहायला गेला.

मी एकटाच गच्चीवर जात राहिलो. वाळूजकडं नव्या कारखान्यांचा उजेड वाढत होता आणि तिकांडं रोज थोडं त्या बाजूला कलायचं. व्याध सापडला तेव्हा "ह्यो बघ" असं तोंडातून निघालं. शेजारी पाण्याची टाकी होती.

उन्हाळा सरता मेंढरांसकट बापाचं बिऱ्हाड वैजापूरच्या अलीकडं आलं. मी बापाला विचारलं. मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता तो म्हणाला, "मला काय इचारतो? तुला शिकायला कशापायी धाडलं?"

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी मित्राला व्हरांड्यात गाठलं. "बापाला विचारलं. सही करतो."

"कागद कवाच गेला," तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "बाप बरा हाय का?"

"बरा हाय."

तास सुरू झाला. तो पुढच्या बाकावर जाऊन बसला.