नानांचं बिनकटकटीचं परसदार

मंदारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "नाना गेले," तो म्हणाला. आणि मी, खरं सांगते, वैतागून विचारलं, "आता कुठे? पळस्प्याला?" कारण माझे सासरे गेले म्हणजे दगड बघायला गेले, हेच वर्षभर आमच्या घरात चाललं होतं. "तसं नाही गं..." मंदार म्हणाला. मग मला कळलं. दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

त्याला आता दोन महिने होतील. पण मला नाना आठवतात ते चिडचिडीसकट. पनवेलच्या आमच्या बैठ्या घरामागे जेमतेम दोन खोल्यांएवढी मोकळी जागा. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत आणि फरशीवर शेवाळ. गेल्या वर्षी सासूबाई तिथेच घसरल्या, मनगट मोडलं. प्लास्टर काढलं त्या दिवशी नानांनी जाहीर केलं, "आता असं काही करू, की पुन्हा हात लावायला नको. बिनकटकटीचं. दर रविवारी, सगळ्यांनी मिळून." मंदार म्हणाला, "नाना, सरळ कोबा करून टाकू." "आणि पाणी कुठे मुरेल? तुझ्या डोक्यात?" विषय संपला.

त्याबरोबर आमचे रविवारही संपले. सकाळी सातला दारावर थाप. गवत मुळासकट उपटा, खडी पसरा, कोरफड लावा, गवती चहा लावा. पुढच्या रविवारी तीच कोरफड उपटून दुसऱ्या कोपऱ्यात, कारण "इथे ऊन कमी पडतं". आमच्या ऋचाचं दहावीचं वर्ष, पण तिचीही सुटका नव्हती. खडीवाला तिसऱ्यांदा टेम्पो घेऊन आला तेव्हा हसत म्हणाला, "नाना, आमच्या गावच्या रस्त्याला पन येवढी खडी पडली नाय." नाना हसले नाहीत. ते खडीचा आकार तपासत होते.

मे महिन्यात, सगळं पसरून झाल्यावर, ते म्हणाले, उतार चुकलाय. पाणी स्वयंपाकघराच्या पायरीशी तुंबणार. सगळी खडी काढा. माझा तोल गेला. "नाना, मी आठवडाभर राबते. एक रविवार तरी माझा मला द्या! बिनकटकटीचं म्हणता आणि सगळी कटकट आमच्याच डोक्याला!" ते नुसतं "बरं" म्हणाले आणि आत गेले. पुढच्या रविवारी दारावर थाप पडली नाही. साडेआठला मी उठले, तर मागून खडखड ऐकू आली. एकाहत्तर वर्षांचा माणूस एकटाच घमेल्यानं खडी उपसत होता. हा तर आणखीच छळ! मी घमेलं हिसकावून घेतलं. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. "पायरीकडून सुरुवात कर," एवढंच म्हणाले... पावसाळाभर पायरीशी पाणी तुंबलं नाही, आणि ही बातमी त्यांनी निम्म्या पनवेलला फोन करून कळवली.

दिवस झाले, पाहुणे पांगले आणि पहिला मोकळा रविवार आला. सातला आम्हा तिघांनाही आपोआप जाग आली. मागे जाऊन उभे राहिलो. शेजारच्या आवारात गवत माजलेलं, आमच्याकडे एक काडी नाही. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मला रडू यायच्या आधी राग आला. इतकं पक्कं करायचं असतं का?

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मला भिंतीलगत वाल लावायचेत." आम्ही वळून पाहिलं. "त्यांना दोनदा म्हटलं होतं. म्हणाले, वेलाची निगा फार लागते, जमणार नाही." मंदारनं कपाळाला हात लावला आणि घमेलं आणलं.

गवत वर येऊ नये म्हणून नानांनी खडीखाली सगळीकडे जाड कापड अंथरलं होतं, तेही उतार नीट झाल्यावर, आम्ही कामावर असताना, एकट्यानं; भिंतीकडची खडीही स्वतःच पसरली होती. भिंतीलगत खडी बाजूला केली, तर हातभर रुंदीच्या पट्ट्यात कापडच नव्हतं. खाली भुसभुशीत माती होती, शेणखत मिसळलेली. सासूबाई खाली बसल्या. मूठभर माती घेऊन त्यांनी बोटांनी चुरली. "मला एका शब्दानं बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

तोंडावर नाही म्हणायचं आणि गुपचूप करून ठेवायचं, ही कुठली रीत? भांडायला समोर माणूस तरी हवा ना... वालाला आता पानं फुटली आहेत. वेल भिंतीकडे झुकू लागलाय. त्याला रोज पाणी लागतं, आणि ते मीच घालते, कुरकुरत, रविवारीसुद्धा.